कोपनहेगनचं विरजण

पत्र्याची दोन भांडी, त्यांत मळकट पिवळा चिकट साका, आणि ती भांडी नीट बसावीत म्हणून रिकामा केलेला उंच हॅटचा डबा. १८४५ साली म्युनिचहून कोपनहेगनकडे निघालेल्या याकोब क्रिस्टियान याकोबसेन या तिशीतल्या डॅनिश गृहस्थाच्या सामानात याहून मोलाचं काही नव्हतं. घोडागाडी जिथे जिथे थांबे, तिथे तो आधी पाण्याचा पंप गाठायचा आणि भांड्यांवर गार पाणी ओतायचा. साका तापला की कामातून जातो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. तो का जातो, त्यात जिवंत असं काही आहे की नाही, यावर मात्र युरोपातल्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांमध्ये तेव्हा जुंपलेली होती. पुढे त्याने उभारलेल्या कार्ल्सबर्गच्या बिअर कारखान्यात ही प्रवासाची गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते.

आपल्याकडे विरजण बिघडलं की वाटी घेऊन शेजारी जायची रीत आहे. शेजारीण चमचाभर दही देते, ते कोमट दुधात पडतं आणि सकाळपर्यंत दही लागतं. त्या चमच्यात काय आहे, हे देणारीला आणि नेणारीला ठाऊक असावं लागत नाही. याकोबसेन अशीच वाटी घेऊन गेला होता. दह्याचे जिवाणू वेगळे आणि बिअरचं यीस्ट वेगळं, पण विरजणाचा व्यवहार तोच: चांगल्या लागलेल्यातलं थोडं मागून आणायचं आणि आपल्याकडे वाढवायचं.

त्याचे वडील जटलंडमधल्या शेतकरी घरातून कोपनहेगनला आले आणि स्वतःच्या कष्टाने बिअरच्या धंद्यात उभे राहिले. १८३५ मध्ये ते वारले आणि कारखाना मुलाच्या हाती आला. मुलाला विज्ञानाची ओढ होती. विजेच्या प्रवाहाने होकायंत्राची सुई हलते हे १८२० मध्ये दाखवणाऱ्या हान्स क्रिस्टियान ओर्स्टेड यांची व्याख्यानं तो जाऊन ऐकत असे. कोपनहेगनमध्ये तेव्हा गढूळ, गोडसर, फार दिवस न टिकणारी ‘पांढरी बिअर’ प्यायली जाई. एक घाणा चांगला उतरायचा, दुसरा आंबट व्हायचा, आणि कारण कुणालाच सांगता यायचं नाही. दक्षिणेला बव्हेरियात मात्र स्वच्छ, तपकिरी आणि महिनोन्‌महिने टिकणारी बिअर होत होती.

फरक हवामानाचा होता, सवयीचा होता, आणि मुळात यीस्टचा होता. बहुतेक युरोपात वापरलं जाणारं यीस्ट उबदार खोलीत झपाट्याने काम करतं आणि फेसाबरोबर वर येतं. बव्हेरियातल्या बिअरवाल्यांना १५५३ च्या हुकमाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या उन्हाळी महिन्यांत बिअर करायला बंदी घातली होती, कारण उन्हाळ्यातला माल हमखास नासायचा. म्हणजे काम फक्त थंडीत. थंडीत जे यीस्ट तग धरेल तेच पुढच्या घाण्याला मिळणार. कुणी ठरवून निवड केली नाही, पण पिढ्यामागून पिढ्या थंड तळघरांमध्ये सहा ते बारा अंशांवर सावकाश काम करणारं आणि शेवटी तळाशी बसणारं यीस्ट शिल्लक राहिलं. ही बिअर तळघरात साठवून मुरवायची. साठवणीच्या जर्मन शब्दावरूनच तिला लागर हे नाव पडलं.

याच बव्हेरियाचा १५१६ चा शुद्धतेचा कायदा प्रसिद्ध आहे. बिअरमध्ये सातू, हॉप आणि पाणी याखेरीज काही घालायचं नाही, असं तो सांगतो. यीस्टचा त्यात उल्लेख नाही. ते रोज हाताळलं जात होतं, एका पिंपातून दुसऱ्यात ओतलं जात होतं, पण घटक म्हणून त्याचं अस्तित्व कुणाच्या मनातच नव्हतं. आंटोनी व्हान लेव्हनहुक या डच कापडव्यापाऱ्याने १६८० मध्ये स्वतः घासलेल्या भिंगाखाली बिअरमधले बारीक गोळे पाहिले आणि त्यांचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. ते जिवंत असतील, असं त्यालाही वाटलं नाही.

याकोबसेनने ज्याच्याकडून यीस्ट आणलं, तो म्युनिचच्या श्पाटेन कारखान्याचा गाब्रिएल झेडलमायर. या माणसाची आधीची एक हकिकत इथे सांगायला हवी. १८३३ मध्ये तो आणि त्याचा व्हिएन्नाचा मित्र आंटोन ड्रेयर ब्रिटनमधले बिअरचे कारखाने पाहायला गेले. ब्रिटिश कारखानदार पाहुणचार करायचे, पण बारकावे सांगायचे नाहीत. मग या दोघांनी आतून पोकळ आणि तळाला झडप असलेली हातातली काठी करवून घेतली. पिंपात सहज बुडवल्यासारखी काठी बुडवायची, थोडा रस आत घ्यायचा आणि मुक्कामावर येऊन त्याची गोडी मोजायची. धंद्यातलं ज्ञान तेव्हा असं काठीत भरून आणावं लागे. पुढे झेडलमायरनेच आपल्या कारखान्याची दारं शिकायला येणाऱ्यांसाठी उघडी ठेवली आणि एका परदेशी माणसाला दोन भांडी भरून यीस्ट दिलं, ही त्याची थोरवी.

कोपनहेगनला परतल्यावर याकोबसेनने पहिला प्रयोग केला तो आईच्या कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात. बिअर मुरवायला थंड जागा हवी होती. ती त्याने शहराच्या तटबंदीखालच्या तळघरांमध्ये मिळवली. मग शहराबाहेर व्हॅल्बीच्या टेकडीवर, नव्या रेल्वेमार्गाच्या जवळ, चांगलं पाणी आणि खणायला जागा पाहून त्याने मोठा कारखाना बांधला. पाच वर्षांच्या मुलाचं नाव कार्ल, आणि टेकडीवरून ‘बर्ग’. १० नोव्हेंबर १८४७ रोजी कार्ल्सबर्गचा पहिला घाणा लागला.

त्या कारखान्यात काय चालायचं, हे मराठी वाचकाला नाचणी सत्त्वावरून चटकन कळेल. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवतात, भाजतात आणि दळतात. ते पीठ लहान मुलाला लवकर पचतं, कारण मोड येताना दाण्यातच अशी विकरं तयार होतात जी पिठूळ भागाचे तुकडे करून साखर बनवतात. सातूचंही तेच करायचं. मोड फुटला की जास्त वाढू न देता भट्टीवर वाळवायचा, भरडायचा आणि साधारण पासष्ट अंशांच्या पाण्यात कालवून ठेवायचा. तासाभरात बेचव पेजेसारखं पाणी उसाच्या रसासारखं गोड होतं. हा रस गाळून काहिलीत उकळतात, त्यात हॉपच्या वेलीची कडवट फुलं टाकतात. फुलांनी कडवटपणा येतो आणि बऱ्याच जिवाणूंना आळाही बसतो. रस गार झाला की यीस्ट घालायचं. त्याच्या पेशी ग्लुकोज या साध्या साखरेच्या एका रेणूपासून मद्यार्काचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू करतात. या सगळ्या साखळीत माणसाच्या हाती नसलेली कडी एकच होती, आणि ती या शेवटच्या पायरीवर होती.

ती कडी जिवंत आहे, असं १८३७ च्या सुमारास तिघांनी एकमेकांपासून वेगवेगळं दाखवलं होतं. फ्रान्सचे कान्यार-लातूर, आणि जर्मनीचे थिओडोर श्वान व फ्रीडरिख क्युत्झिंग. यीस्टच्या गोळ्याला बाजूने कळी फुटते, ती मोठी होते आणि सुटून नवा गोळा बनते, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. त्यावर १८३९ मध्ये युस्टुस फॉन लीबिग आणि फ्रीडरिख व्होलर या दोन थोर रसायनशास्त्रज्ञांच्या नियतकालिकात एक निनावी टवाळी छापून आली. यीस्ट म्हणजे अर्क काढायच्या भांड्याच्या आकाराचे प्राणी, ते सोंडेने साखर पितात, एका बाजूने मद्यार्क टाकतात, आणि त्यांचं मूत्राशय शँपेनच्या बाटलीसारखं दिसतं, असं त्यात होतं. लीबिगचं म्हणणं असं की यीस्ट हा कुजत चाललेला पदार्थ, त्याच्या कुजण्याच्या हालचालीने शेजारची साखर मोडते. त्या टवाळीने काय नुकसान केलं, हे मोजता येणार नाही. पण पुढची वीस वर्षं बहुतेक रसायनशास्त्रज्ञ लीबिगच्या बाजूने राहिले, आणि बिअरवाले अंधारात चाचपडत राहिले.

कोंडी फुटली ती फ्रान्सच्या लील शहरात. १८५६ मध्ये बिगो नावाचा एक कारखानदार लुई पाश्चरकडे आला. बिटाच्या रसापासून मद्यार्क करताना त्याचे काही हौद आंबट होत होते. पाश्चर रोज कारखान्यात जाऊन नमुने आणू लागले. चांगल्या हौदातल्या थेंबात गोल, टपोऱ्या यीस्टपेशी दिसायच्या. बिघडलेल्या हौदात त्यांच्यापेक्षा कितीतरी बारीक काड्या असायच्या. दूध आंबवणारं आम्लच त्या हौदांत तयार होत होतं. १८५७ मध्ये पाश्चरांनी दूध आंबण्यावर निबंध वाचला आणि मग मद्यार्काकडे वळले. साखर, अमोनियाचा क्षार आणि जाळलेल्या यीस्टची राख एवढंच पाण्यात घालून त्यांनी त्यात यीस्ट वाढवून दाखवलं. कुजायला त्यात प्रथिनासारखा कसलाच पदार्थ नव्हता, तरीही किण्वन, म्हणजे साखरेचा मद्यार्क होणं, घडलं.

पुढे १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून पाश्चर वाइनच्या रोगांकडे वळले. आर्ब्वा या आपल्या लहानपणच्या गावी, द्राक्षमळ्यांच्या मुलखात त्यांनी काम केलं. कडवट झालेली, तेलासारखी तार धरणारी, आंबट झालेली अशी प्रत्येक बिघडलेली वाइन आपापला वेगळा जंतू दाखवत होती. वाइन हवाबंद करून ५० ते ६० अंशांपर्यंत तापवली की ती टिकते, हे त्यांनी सिद्ध केलं. आज सकाळी दारात येणाऱ्या दुधाच्या पिशवीवर जो ‘पाश्चराइज्ड’ शब्द असतो, तो आधी वाइनसाठी जन्मला.

१८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला. पाश्चर इतके दुखावले की बॉन विद्यापीठाने दिलेली सन्मान्य पदवी त्यांनी परत केली, आणि जर्मनांची बिअर जर्मनांपेक्षा चांगली करून दाखवायचा निश्चय केला. स्वतःला त्यांना बिअरची गोडी नव्हती. तीन वर्षांपूर्वीच्या झटक्याने डावी बाजू अधू झालेली. तरी १८७१ मध्ये ते क्लेरमाँ-फेराँजवळच्या एका लहान कारखान्यात जाऊन बसले आणि सप्टेंबरमध्ये लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात पोचले. तिथे त्यांनी पोर्टर बिअरच्या यीस्टचा थेंब भिंगाखाली ठेवला आणि हे यीस्ट चांगलं नाही, असं सांगितलं. मालकांनी कबूल केलं, बिअर खरोखरच बिघडत होती. आठवड्याने पाश्चर परत गेले, तेव्हा व्हिटब्रेडने सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता. बिअरच्या इतिहासातला हा आठवडा फार मोलाचा. धंद्यातल्या माणसांनी जिभेबरोबर डोळाही वापरायला सुरुवात केली. पाश्चरांचं बिअरवरचं पुस्तक १८७६ मध्ये प्रसिद्ध झालं.

ते बाहेर पडलं तेव्हा व्हॅल्बीच्या टेकडीवर याकोबसेनने प्रयोगशाळा सुरू केलेली होती. कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेची स्थापना १८७५ ची. पाश्चरांविषयी याकोबसेनला इतका आदर होता की त्याने पॉल द्युब्वा या शिल्पकाराकडून त्यांचा संगमरवरी अर्धपुतळा करवून घेतला. १८७६ मध्ये त्याने कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान स्थापून प्रयोगशाळा त्याच्या हवाली केली आणि प्रतिष्ठानाचा कारभार डॅनिश विज्ञान अकादमीने निवडलेल्या विद्वानांकडे सोपवला. प्रयोगशाळेच्या नियमांत त्याने एक अट घातली. इथे लागलेला कोणताही शोध, तो तात्त्विक असो वा धंद्याच्या उपयोगाचा, गुप्त ठेवायचा नाही.

काठीत चोरून रस आणण्याच्या जमान्यापासून हा माणूस किती दूर आला होता, हे त्या अटीवरून कळतं. स्वतःच्या पैशाने प्रयोगशाळा उभारायची, पगार द्यायचे, आणि निष्पन्न होईल ते प्रतिस्पर्ध्यांच्याही हाती द्यायचं! या अटीची परीक्षा सात वर्षांत आली.

परीक्षेला निमित्त झाला एमिल क्रिस्टियान हान्सेन. रीबे गावातल्या गरीब घरात १८४२ मध्ये जन्मलेला हा माणूस आधी घरं रंगवायचा. मग खासगी शिकवण्या करत करत तिशीच्या आसपास विद्यापीठात पोचला. चार्ल्स डार्विनचं ‘बीगल’ जहाजावरच्या प्रवासाचं पुस्तक त्याने एका मित्राबरोबर डॅनिशमध्ये आणलं. शेणावर उगवणाऱ्या बुरशांवरच्या निबंधाला त्याला सुवर्णपदक मिळालं. १८७९ मध्ये तो कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाचा प्रमुख झाला.

हान्सेनची पद्धत निसर्गात फिरणाऱ्या माणसाची होती. बागांमध्ये, कारखान्याच्या आवारात, वेगवेगळ्या ऋतूंत तो निर्जंतुक रसाच्या कुप्या उघड्या ठेवायचा आणि हवेतून काय पडतं ते पाहायचा. पिकलेल्या गोड फळांवर सापडणारं एक यीस्ट हिवाळ्यात कुठे जातं, हा प्रश्न त्याने कित्येक महिने धरून ठेवला. उत्तर निघालं, झाडाखालच्या मातीत. पावसाने आणि गळलेल्या फळांबरोबर ते मातीत उतरतं, तिथे हिवाळा काढतं आणि उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर पुन्हा फळांवर पोचतं. कारखान्यात उकळलेला रस उघड्या, पसरट हौदांमध्ये निववत असत. फळं पिकण्याच्या दिवसांत वाऱ्यावरचा हा पाहुणा थेट त्या हौदात उतरू शकत होता.

आणि मग खुद्द कार्ल्सबर्गची बिअर बिघडली. तिला नकोसा वास आणि कडवट चव येऊ लागली. पाश्चरांच्या शिकवणीप्रमाणे जिवाणू शोधायचे होते, पण यीस्टमध्ये जिवाणू म्हणावेत असे नव्हते. हान्सेनला वेगळीच शंका आली. यीस्ट म्हणून आपण जे एक समजतो ते मुळात एक नाहीच, त्यात अनेक जातींची सरमिसळ आहे, आणि त्यातली एखादी रानटी जातच हा रोग आहे. दिसायला सगळे गोळे सारखे, गुण वेगळे. शिवाय यीस्ट शुद्ध करायला पाश्चरांनी सांगितलेला टार्टारिक आम्लाचा उपाय जिवाणू मारतो, पण रानटी यीस्टला उलट वाढायला वाव देतो, हेही त्याला दिसलं. ज्या महापुरुषाचा पुतळा मालकाने घडवून घेतला, त्याच्या उपायाला अपुरं म्हणायचं होतं. मालकालाही हे लगेच पटलं नाही.

पुरावा एकच असू शकत होता: एका पेशीपासून सगळी वंशावळ वाढवायची. पेशी मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान. ती चिमट्यात धरता येत नाही. हान्सेनने काय केलं, ते सावकाश पाहण्यासारखं आहे. यीस्टचा थोडा साका निर्जंतुक पाण्यात ढवळला. त्याचा एक थेंब बारीक चौकटी आखलेल्या काचेवर घेऊन त्यात किती पेशी आहेत ते मोजलं. समजा दहा निघाल्या, तर तसा एक थेंब वीस घनसेंटिमीटर निर्जंतुक पाण्यात टाकायचा. आता सरासरी दर दोन घनसेंटिमीटरमध्ये एक पेशी. मग सातूचा निर्जंतुक रस भरलेल्या कुप्यांची रांग मांडायची आणि प्रत्येकीत या पाण्याचा एक घनसेंटिमीटर सोडायचा. हिशेबाने साधारण निम्म्या कुप्या रिकाम्या राहणार, काहींत एक पेशी जाणार, क्वचित दोन. कुपी जोरात हलवायची, म्हणजे दोन पेशी असतील तर वेगळ्या होतील, आणि मग हात न लावता ठेवून द्यायची. पेशी तळाशी बसते आणि बसल्या जागी तिचा संसार वाढतो. काही दिवसांनी कुपीच्या तळाशी पांढरे ठिपके मोजायचे. दोन ठिपके दिसले तर कुपी बाद. एकच ठिपका असला तर तो एकाच आईची लेकरं.

रोबेर्ट कोखने बर्लिनमध्ये जिवाणूंसाठी घट्ट जिलेटिनवर वसाहती वाढवायची पद्धत काढली होती. हान्सेनने नंतर तीही यीस्टला लावली. जिलेटिनचा पातळ थर पातळ काचेवर, ती काच ओलसर कोठडीवर उलटी ठेवलेली, आणि एका पेशीवर नजर रोखून तिला कळ्या फुटताना पाहायचं.

कार्ल्सबर्गच्या यीस्टमधून अशा वेगवेगळ्या जाती सुट्या झाल्या. प्रत्येकीची स्वतंत्र बिअर करून पाहिली, तेव्हा एकीची बिअर उत्तम, आणि दुसरीची नेमकी ती रोगट, कडवट बिअर. उत्तम निघाली तिला ‘कार्ल्सबर्ग तळयीस्ट क्रमांक १’ म्हणू लागले. १२ नोव्हेंबर १८८३ रोजी कारखान्यातल्या मोठ्या पिंपात एका पेशीपासून वाढवलेलं यीस्ट पहिल्यांदा पडलं. रोग गेला. याकोबसेनची शंकाही गेली.

आता अटीची परीक्षा. हे यीस्ट कुलपात ठेवलं असतं तर कार्ल्सबर्गला काही वर्षं तरी कुणी गाठू शकलं नसतं. याकोबसेनने ते मागेल त्याला दिलं. हान्सेनने पद्धतीचा प्रत्येक तपशील छापून प्रसिद्ध केला. कारखान्याचा व्यवस्थापक क्यूले याच्या मदतीने त्याने शुद्ध यीस्ट मोठ्या प्रमाणावर वाढवायचं तांब्याचं बंद यंत्र केलं. युरोपभरचे, अमेरिकेतलेही कारखाने ते यीस्ट आणि ती पद्धत घेऊन गेले. चाळीस वर्षांपूर्वी म्युनिचहून मागून आणलेलं विरजण निवडून, स्वच्छ करून जगाला परत दिलं गेलं. ऑगस्ट १८८४ मध्ये वैद्यक परिषदेसाठी कोपनहेगनला आलेले पाश्चर कार्ल्सबर्गला गेले. त्यांचं सगळंच इथे स्वीकारलं गेलं नव्हतं, तरी ज्या रस्त्याने हान्सेन गेला तो त्यांनीच खणलेला होता.

त्याच प्रयोगशाळेत १८८३ मध्येच योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने धान्यातला नत्र मोजायची सुटसुटीत रीत शोधली. सातूत प्रथिनं किती यावर बिअरचा दर्जा ठरतो, म्हणून त्याला ती हवी होती. नमुना गंधकाम्लात उकळायचा, नत्र अमोनियाच्या रूपात बाहेर काढायचा आणि मोजायचा. दुधातली, डाळीतली, पशुखाद्यातली प्रथिनं मोजायला ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते. त्याच्या जागी आलेल्या सोरेन सोरेनसेनला विकरांवर काम करताना आम्लतेचे आकडे फार लांबलचक पडायचे, म्हणून त्याने १९०९ मध्ये एक सोपी मोजपट्टी सुचवली. मराठीत आपण तिला सामू म्हणतो. सांगलीचा द्राक्षबागायतदार मातीचा नमुना तपासून आणतो आणि अहवालाच्या पहिल्या काही ओळींत ‘सामू ७.८’ असं वाचतो, तेव्हा तो कोपनहेगनच्या बिअर कारखान्यात जन्मलेली मोजपट्टीच वाचत असतो. गुप्त न ठेवण्याची अट नसती तर हे सगळं इतक्या सहज बाहेर आलं असतं का, कोण जाणे.

शुद्ध यीस्ट सगळीकडे सारखंच मानवलं असं नाही. इंग्लंडमध्ये महिनोन्‌महिने लाकडी पिंपांत मुरणाऱ्या बिअरला एकाच जातीच्या यीस्टने तिची ओळखीची चव येईना. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्याच क्लाउसेन या शास्त्रज्ञाने कारण शोधलं. ती चव मागाहून सावकाश काम करणाऱ्या दुसऱ्या एका यीस्टची होती, आणि त्याला त्याने ब्रिटिश बुरशी अशा अर्थाचं ब्रेटॅनोमायसीस हे नाव दिलं. म्हणजे कोपनहेगनचा रोगट पाहुणा जसा, तसाच लंडनच्या पिंपातला हा घरचा माणूस. शुद्धतेपेक्षा महत्त्वाचं निघालं ते पिंपात कोण आहे हे माहीत असणं. वाइनच्या जगानेही हळूहळू निवडक यीस्ट स्वीकारलं. नाशिकच्या वायनरीत द्राक्षरसाच्या गार पोलादी टाकीत कोरड्या यीस्टचं पाकीट कोमट पाण्यात भिजवून सोडतात, त्यामागे हान्सेनच्या कुप्यांची ती रांग आहे.

लीबिग पूर्ण चुकला होता का? जानेवारी १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा छोटा निबंध छपाईला गेला. त्याने बिअरचं यीस्ट वाळू आणि डायटममातीबरोबर खलात घोटून पेशी फोडल्या आणि लगदा फडक्यात घालून दाबयंत्राखाली पिळला. किलोभर यीस्टमधून सुमारे अर्धा लीटर रस निघाला. तो औषधी प्रयोगांसाठी हवा होता. टिकावा म्हणून त्यात साखर घातली, मुरंब्यात घालतात तशी. थोड्याच वेळात बुडबुडे येऊ लागले. पेशी नव्हत्या, तरी किण्वन चालू होतं. साखर मोडणारी विकरं पेशी तयार करते, पण पेशी फुटल्यावरही ती काम करतात. पाश्चर आणि लीबिग दोघांच्याही हाती सत्याचा एकेक तुकडा होता, आणि दोघेही हे पाहायला हयात नव्हते. बुखनरला १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याच जानेवारीत मुंबईत प्लेग चालू होता. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेला व्हाल्डेमार हाफकिन काचेच्या चंबूंमध्ये मांसरसावर तुपाचे थेंब सोडून प्लेगचे जिवाणू वाढवत होता. तुपाच्या थेंबाखाली जिवाणूंच्या लोंब्या लटकायच्या. १० जानेवारीला त्याने मारलेल्या जिवाणूंची ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. निर्जंतुक रस, बंद चंबू, एकाच जातीची वाढ: बिटाच्या आंबट हौदापासून निघालेला रस्ता परळच्या हाफकिन संस्थेपर्यंत असा येऊन पोचतो.

याकोबसेनने टोपीच्या डब्यातून आणलेलं ते यीस्ट मूळचं कुठलं, याचं उत्तर मिळायला २०११ साल उजाडलं. लागरचं यीस्ट संकरित आहे. एक पालक पावाचं आणि साध्या बिअरचं नेहमीचं यीस्ट. दुसऱ्या, थंडी सोसणाऱ्या पालकाचा पत्ता लागत नव्हता. तो दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियाच्या जंगलात, दक्षिणी बीच झाडांवरच्या गोड गाठींमध्ये सापडला. पुढे तिबेटमध्ये आणि आयर्लंडमध्येही तो आढळला. बव्हेरियाच्या तळघरात या दोघांची सोयरीक नेमकी कधी जुळली, यावर अजून काम चालू आहे.

आणि २०१३ मध्ये कार्ल्सबर्गच्या जुन्या तळघरात काही जुन्या बाटल्या हाती लागल्या. त्यांतली एक १८८३ च्या सुमाराची, म्हणजे हान्सेनचं यीस्ट पहिल्यांदा पिंपात पडलं त्या काळची. प्रयोगशाळेतल्या माणसांनी तिच्या तळाचा साका काढून ताज्या रसात सोडला. बहुतेक पेशी मेलेल्या होत्या. काही मात्र जिवंत निघाल्या. त्यांच्यापासून पुरेसं यीस्ट वाढवून २०१६ मध्ये जुन्या कृतीने, लाकडी पिंपात बिअर केली गेली. पण त्याआधी भिंगाखाली दिसलं ते कान्यार-लातूरने आणि श्वानने पाहिलं होतं तेच: १३० वर्षं निपचित पडलेला एक गोळा, आणि त्याच्या कडेला फुटत असलेली लहानशी कळी.